चूक नव्हे, आधी बळ शोधा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकाच्या हातातील तांबडी पेन्सिल चुकीवरच थांबते. नववीतील एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी तीनदा ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला. पुढे तो शाळेत येईना, जेवेना, झोपेना. घरच्यांनी त्याला मानसोपचारासाठी नेले. मीही सोबत गेलो. समुपदेशक बाईंनी विचारले, “हा चांगले काय करतो?” मी, त्याचा वर्गशिक्षक, निरुत्तर झालो. त्याची अम्मी म्हणाली, “दुकानाचा हिशेब रोज रात्री हाच लिहितो.”

बाईंनी तोच धागा धरला. त्याच वहीत झोपेचा आणि अभ्यासाचाही हिशेब लिहायला सांगितला. कोणता दिवस बरा गेला आणि का, हे त्याचे त्यालाच दिसू लागले.

माणसात काय बिघडले एवढेच न पाहता काय शाबूत आहे ते शोधून त्याच्या आधाराने वाट काढायची, ही बळावर आधारलेली उपचारपद्धती. अमेरिकेत डेनिस सॅलिबी यांनी १९९२ साली समाजकार्यातील या दृष्टीवर ग्रंथ संपादित केला. २००४ साली पीटरसन व सेलिगमन यांनी जिज्ञासा, चिकाटी, दया, कृतज्ञता अशा २४ गुणांची मांडणी केली. मात्र ही नुसती शाबासकी नव्हे. आजार नाकारायचा नसतो. गरज असेल तेथे औषध घ्यावेच लागते.

आता उपचारक कसा निवडावा? मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. समुपदेशकाला शिक्षण व अनुभव निःसंकोच विचारावा. फी किती, साधारण किती बैठका, प्रगती कशी पाहणार आणि मुलाचे गुण उपचारात कसे वापरणार, हेही विचारावे. जो केवळ दोषच मोजतो किंवा हमखास बरे करण्याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. काही बैठकांनंतरही मूल मोकळे होत नसेल, तर उपचारक बदलण्यात गैर काही नाही.

“लोक काय म्हणतील?” ही भीती मी जाणतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

विद्यार्थी मित्रांनो, मदत मागणे हा कमकुवतपणा नाही.

तो मुलगा दोन महिन्यांनी वर्गात परतला. इंग्रजी अजून कच्चेच आहे. पण वर्गाच्या सहलीचा जमाखर्च त्याने लिहिला आणि एक रुपयाही चुकला नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर यंदा मी लिहिले आहे, ‘हिशेबाला पक्का, विश्वासू.’ पालकहो, आज घरी गेल्यावर आपल्या मुलाचे तीन गुण कागदावर लिहा. लेखणी अडली, तर मुलाकडे नव्याने पाहण्याची वेळ आली आहे असे समजा.