नवा लॅपटॉप, जुनी फाईल

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

गेल्या ऑक्टोबरपासून एकच प्रश्न सारखा येतोय. विंडोज १० बंद झालं, आता ११ घ्यायचं का लिनक्स टाकायचं? विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, फॉर्म भरून देणारे. माझं सेलूत डीटीपीचं छोटं दुकान आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छाती पुढं काढून म्हणतो, पण लाईट गेली की जर्मनी तिकडं राहते आणि आपण इन्व्हर्टरची टुकटुक ऐकत बसतो. तर आजचा भाग या प्रश्नावर. मी काय केलं ते सांगतो, त्यात माझा गाढवपणाही आहे, तोही सांगतो.

आधी मुद्द्याचं. विंडोज १० आलं २०१५ च्या जुलैत आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं नेहमीचं अपडेट थांबलं. थांबलं म्हणजे मशीन बंद पडलं नाही, चालूच आहे. पण नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कुणी येणार नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्ष वाढवून घेता येतं, त्यालाही मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आणि विंडोज ११ ला लागते टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, वर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझ्या दुकानात एक आय-थ्री चौथ्या पिढीचा, एक सहाव्या. दोन्ही धडधाकट. दोन्ही नापास. ज्या मशीनवर कालपर्यंत रोज शंभर-दीडशे कागद निघत होते, ते एका तारखेला म्हातारं ठरलं, याचा राग येतो का? येतो. बैल असता तर निदान विकता तरी आला असता.

म्हणून मी एक नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ होम असलेला. होमला सुरुवातीलाच इंटरनेट लागतं आणि खातं लागतं. दुकानात खोकं उघडलं अन् लाईट गेली, म्हणजे राऊटरही गेला. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं. मग पासवर्ड आठवेना, कारण ते खातं पोरानं कधीतरी उघडलेलं, आणि पोरगं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. दुपार तिथंच गेली. स्टार्टचं बटण डावीकडून मध्ये आलंय, राईट क्लिक केलं की अर्धी यादी "शो मोअर ऑप्शन्स"मध्ये लपलेली. वीस वर्षं हात जिकडं जायचा तिकडं काहीच नाही. याला लोक छोटी गोष्ट म्हणतात. ज्याला दिवसात साठ फायली उघडायच्या असतात त्याला विचारा.

पण बटणाचं होतं सवयीनं. खरी पंचाईत आठव्या दिवशी झाली.

आमच्याकडं एक गुरुजी होते, निवृत्त. सेलू-जिंतूरकडच्या खेड्यांमधून त्यांनी बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००९ साली मीच त्या टाईप केल्या, दोनशे चाळीस पानं. पुस्तक काही निघालं नाही, पैसे जमले नाहीत. दोन प्रती काढून बाइंडिंग करून दिल्या. गुरुजी गेले. एक प्रत कुणी वाचायला नेली ती गेलीच, दुसरीला वाळवी लागली. वह्यांचंही तेच. आता त्यांच्या मुलानं ठरवलं, वडिलांचं पुस्तक काढायचंच. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, फाईल आहे ना माझ्याकडं. पेनड्राईव्ह नव्या लॅपटॉपला लावला, फाईल उघडली. त्यात इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, काहीबाही. पान भरून कचरा. मुलगा माझ्या तोंडाकडं बघतोय आणि मी लॅपटॉपकडं.

पहिला संताप अर्थातच नव्या विंडोजवर. त्याच रात्री मी लिनक्स मिंट पेनड्राईव्हवर घेतलं आणि चौथ्या पिढीच्या त्या म्हाताऱ्यावर चालवून बघितलं. (ही सोय छान आहे बरं का. काहीही पुसायच्या आधी पेनड्राईव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं. आवडलं नाही तर पेनड्राईव्ह काढायचा, मशीन जसंच्या तसं.) म्हातारं पळायला लागलं. मराठी कीबोर्ड, इनस्क्रिप्ट, आधीच त्यात. लिब्रेऑफिस त्यात. खातं मागितलं नाही, पैसे मागितले नाहीत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. केरळात सरकारी शाळांमधली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, मग आपल्याला काय धाड भरली, असं वाटलं. आणि मग गुरुजींची फाईल उघडली. तोच कचरा.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दोष नव्याचाही नव्हता, जुन्याचाही नव्हता. फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच. त्या काळी डीटीपीचे फाँट असे असायचे की आत इंग्रजी अक्षराचा नंबर आणि वर मराठीची झूल. झूल काढली की खाली काय आहे ते दिसतं. प्रत्येक फाँटवाल्याची मांडणीही वेगळी. बरं, आम्ही ते हौसेनं केलं नव्हतं. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी आलं होतं, मंगल फाँट आठवत असेल, पण आमचं सगळं काम पेजमेकरमध्ये, आणि त्याला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. छापायचं तर झूल घालूनच.

आता माझा गाढवपणा. २००९ नंतर मला सवड होती. दुकानात दिवसभर मी युनिकोडमध्येच फॉर्म भरत होतो. तरी जुन्या फायली बदलाव्यात हे डोक्यात आलं नाही. डब्यात लोणचं आहे म्हणून निवांत, झाकण उघडून कोण बघतो.

टेबलाखाली एक जुना एक्सपीवाला पडलेला होता. डीटीपीचं ते सॉफ्टवेअर त्यावर, मागं पोर्टला हार्डवेअर लॉक खोचलेलं. तसलं पोर्ट आताच्या लॅपटॉपला नसतंच. तीन वेळा बटण दाबलं, चौथ्यांदा चालू झाला. आतला सेल मेलेला, त्यामुळं तारीख भलतीच. पण फाईल उघडली आणि ओव्या दिसल्या. मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर दोनशे चाळीस पानं प्रिंट करून ठेवली. नंतर बाकीचं.

मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम. कन्व्हर्टर फुकट मिळतात, त्यांनी नव्वद टक्के काम होतं असं लोक सांगतात. उरलेल्या दहात जीव जातो. "किती" हा शब्द घ्या. जुन्या फाईलीत आधी पहिली वेलांटी, मग क, कारण डोळ्याला तसं दिसतं. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. "धर्म"मधला रफार जुन्यात म च्या नंतर, नव्यात आधी. ही अदलाबदल एखाद्या जोडाक्षरावर चुकली की सगळी ओळ लंगडते. आणि आपला खास मराठी "ऱ्या". वाऱ्यावर, दुसऱ्या, शेताच्या धुऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी "वार्यावर" होऊन आलं. ओव्यांमध्ये वारा किती असतो हे मला तेव्हा कळलं.

शब्द तपासणारं सॉफ्टवेअर इथं कुचकामाचं, कारण भाषा पुस्तकी नाही. म्हणून गुरुजींच्या बायको, आम्ही काकू म्हणतो, त्या दुकानात येऊन बसायला लागल्या. मी वाचायचो, त्या ऐकायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी थांबवलं. "अरे, माझ्या नाही रे, माह्या. बाई माह्या म्हणाली होती. यांनी तसंच लिहिलं होतं." मी म्हटलं कन्व्हर्टरची चूक असेल. एक्सपीवर जाऊन बघितलं. तिथंही "माझ्या". म्हणजे ही चूक कुठल्याच मशीनची नव्हती. २००९ मध्ये मीच टाईप करता करता शुद्ध करून टाकलं होतं. सवय! वह्या वाळवीनं खाल्ल्या, त्यामुळं आता मूळ फक्त काकूंच्या कानात. काकूंना सांगितलं तेव्हा त्या काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पहिल्यापासून वाच."

बरं, मूळ प्रश्न. मी लिनक्सवर गेलो का? अर्धा. चौथ्या आणि सहाव्या पिढीच्या दोन्ही मशीनवर मिंट टाकलं, टायपिंग आणि मजकुराचं सगळं काम तिथं. फाँट मुक्ता वापरतो, मुंबईच्या एक टाइपचा, फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट बसतात. पत्रिकांचं डिझाईन कोरलड्रॉमध्ये होतं, ते लिनक्सवर येत नाही, म्हणून नवा लॅपटॉप त्यासाठी. अंगठा लावायचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकनही मला विंडोजवरच नीट चालवता आलं. फॉर्मचं गिऱ्हाईक जास्त असेल त्यानं हे आधी तपासा, सगळं पुसून मोकळे होऊ नका. आणि प्रिंटर. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरनं लिनक्सवर दोन दिवस खाल्ले. आधी पेनड्राईव्हवरून चालवून एक कागद निघतो का बघा, मगच पुढं जा.

तुमच्याकडं जुन्या फाँटमधल्या फायली असतील आणि त्या उघडणारं मशीन अजून जिवंत असेल, तर विंडोज का लिनक्स हे पुढच्या महिन्यात ठरवलं तरी चालतं. आज त्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा, जमल्यास कागदावरही काढा. कुठल्या फाईलीला कोणता फाँट, हेही एका वहीत लिहून ठेवा.

गुरुजींचं काम त्र्याण्णव पानांपर्यंत आलंय. काकू रोज चारला येतात, लाईट असली तर. आता पावणेचार झालेत, तेव्हा इथंच थांबतो.