उपवर नायिकेच्या शोधात



१८७८ साली अमेरिकेत ‘द लीव्हनवर्थ केस’ ही कादंबरी आली. न्यूयॉर्कमधला एक धनाढ्य गृहस्थ रात्री अभ्यासिकेत मेजाशी बसलेला असताना गोळी लागून मरतो. घरात दोन पुतण्या, त्यांतली एकच त्याची वारस. संशय दोघींवर. खुनी कोण ते सांगून वाचणाऱ्यांचा रसभंग करणार नाही. पण या रहस्याच्या मुळाशी एक चोरून केलेले लग्न आहे, एवढे सांगायलाच हवे. लेखिका ॲना कॅथरीन ग्रीन, ब्रुकलिनच्या एका वकिलाची मुलगी. तिला खरे तर कवयित्री व्हायचे होते. तिचा गुप्तहेर ग्राइस शेरलॉक होम्सच्या नऊ वर्षे आधी वाचकांसमोर आला, आणि पुस्तक धडाधड खपले.

आता आपल्याकडे वळू. ग्रीनबाईंच्या दहा वर्षे आधी, १८६८ साली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. राजघराणी, संकटे, आकाशातून जाणारे विमान, आणि या सगळ्यांतून पार पडणारे प्रेम. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून तिची बोळवण केली जाते. मला हा अन्याय वाटतो, आणि तो वाटण्याचे कारण रिसबुडांच्या प्रस्तावनेत आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, विशेषतः आपल्या विवाहाच्या चालीरीतींमुळे, मन गुंतवणारे असे काही घडतच नाही. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताची कास धरण्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी स्वच्छ म्हटले आहे.

श्रोतेहो, हे बोलणे थोडे सावकाश ऐका. मराठीतल्या पहिल्या पिढीचा एक कादंबरीकार सांगतो आहे की मला नायिकाच मिळत नाही! मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकले जात होते. ज्या वयात प्रेमात पडायचे, त्या वयात ती सासरी पाणी भरत असे. मग चोरून लग्न करणारी वारसदार आणायची कुठून? १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले, तर त्यावरून केवढे रान उठले! ग्रीनबाईंना रहस्यासाठी शहरातले एक घर पुरले. आपल्या लेखकाला स्वतःच्या निवडीने वर शोधणारी मुलगी दाखवण्यासाठी थेट राजवाड्यात, अरण्यात, भुयारात जावे लागले. त्याआधी, १८६१ च्या ‘मुक्तामाले’त, लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी दुसरी वाट काढली होती: नायिका विवाहितच ठेवायची आणि खलनायकाकडून नवराबायकोची ताटातूट घडवायची. लग्न आधी, विरह मागाहून, म्हणजे प्रेमाला जागाही मिळाली आणि कुणाला बोट दाखवायलाही जागा उरली नाही. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते.

आपण दौलताबादच्या भागातले लोक. भुयाराचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. वळणावळणाचा दगडी बोगदा, पायऱ्या विषम, वर वटवाघळे, आणि पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली की पाऊल आपोआप थबकते. शत्रूला चकवण्यासाठी खोदलेली ती वाट. पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत उतरवल्या, तेव्हा वाचकाला त्यांनी अशाच अंधारातून नेले. रेनॉल्ड्सच्या ‘ब्राँझ स्टॅच्यू’मधली कुमारी मेरीची मूर्ती दातारांकडे ‘कालिकामूर्ति’ होऊन आली, आणि देवीचे नाव लागताच ती भीती आपली झाली. रूपांतर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी असे एक तरी रूपांतर करून पाहावे.

रेनॉल्ड्सचा पगडा केवढा होता पाहा: खुद्द हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ त्याच्याच छायेत लिहिली गेली. मात्र हरिभाऊ तिथे थांबले नाहीत. ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये त्यांनी बालवयात लग्न झालेली यमूच नायिका केली. रिसबुडांना ज्या घरात गोष्ट सापडत नव्हती, त्याच घरात हरिभाऊंना ती सापडली, फक्त ती प्रेमाची नव्हती, दुःखाची होती.

आणि बाहेर, खऱ्या आयुष्यात? अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई मुंबईच्या न्यायालयात उभ्या होत्या. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ज्या नायिकेसाठी रिसबुडांना विमान उडवावे लागले, ती एकोणीस वर्षांनी गिरगावच्या बाजूलाच वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत होती. तिच्यावर रहस्यमय प्रेमकथा कुणी लिहिली नाही. पण ‘मंजुघोषा’ वाचलेल्या एखाद्या मुलीने चोरून तो खटला वाचला असेल, तर तिला त्यातली बाई अगदीच परकी वाटली नसेल.