बदल्यात काय आलं?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत आजचा विषय ‘बेसबॉलचं अर्थकारण’ असा छापला आहे. विषय मोठा आहे, मला त्यातली एकच गोष्ट मांडायची आहे. अमेरिकेतल्या छोट्या शहराचा संघ आपला सर्वांत मोठा खेळाडू श्रीमंत संघाला देऊन टाकतो, तेव्हा गाव पेटून उठतं आणि मालकाला दगाबाज ठरवतं. मोठा खेळाडू सोडणं हा गुन्हा आहे असं मी मानत नाही. त्याच्या बदल्यात जे हाती आलं ते पुन्हा मैदानावर न लावणं, हा गुन्हा आहे. गेल्या पन्नास वर्षांतले व्यवहार या एका कसोटीवर तपासले, तर खरा नाइलाज कुणाचा होता आणि नाइलाजाचा आव कुणी आणला, हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं. जिथे ते काढता येत नाही, तिथे दोष नियमांचा आहे. आज मी इथपर्यंतच जाणार आहे.

बेसबॉल कसा खेळतात हे सांगत बसत नाही. ब्रॅड पिटचा ‘मनीबॉल’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, आणि चौकार-षटकारांवर वाढलेल्या सभागृहाला चेंडूफळी काय समजावायची! (हशा) पैशाचे नियम मात्र सांगायला हवेत. आयपीएलमध्ये खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा प्रत्येक संघाला सारखीच असते. मेजर लीगच्या तीस संघांचं तसं नाही. राष्ट्रीय प्रसारणाचं उत्पन्न तिथे सारखं वाटलं जातं, पण स्थानिक दूरचित्रवाणीचं उत्पन्न मुख्यतः ज्याचं त्याच्याकडे राहतं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा २०१३ साली जाहीर झालेला स्थानिक प्रसारणाचा करार पंचवीस वर्षांसाठी ८३५ कोटी डॉलरचा होता. मिलवॉकी किंवा कॅन्सस सिटीच्या आसपास तेवढी घरंच नाहीत, मग तेवढा पैसा येणार कुठून? पगारांवर कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की कर भरायचा, इतकंच. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर पहिली साधारण तीन वर्षं किमान वेतनाच्या आसपास, पुढची तीन लवादाच्या आधाराने चढत जाणारा पगार, आणि सहा वर्षांची सेवा झाली की तो फ्री एजंट. २०२४ साली किमान वार्षिक वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होतं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. छोट्या शहराचा संघ या दोन आकड्यांमध्ये जगतो. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याला ठरवावं लागतं: खेळाडू शेवटपर्यंत ठेवला तर तो जाताना हाती फारसं काही उरत नाही, आधी सोडला तर तीन-चार होतकरू तरुण मिळतात.

या निर्णयाचं सर्वांत चांगलं उदाहरण कॅन्सस सिटी रॉयल्सचं आहे. १९८५ साली वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकल्यावर हा संघ जवळजवळ तीन दशकं प्लेऑफमध्येही पोचला नव्हता. त्याच्याकडचा झॅक ग्रिन्की २००९ साली लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, साय यंग पुरस्कार मिळवला, आणि डिसेंबर २०१०मध्ये रॉयल्सनी त्याला मिलवॉकीकडे दिलं. ग्रिन्कीला स्वतःलाही जायचं होतं. बदल्यात चार तरुण आले. त्यांतल्या लोरेन्झो केनने आणि अल्सिडीस एस्कोबारने संघात पाय रोवले. तिसरा, जेक ओडोरिझी, दोन वर्षांनी टॅम्पा बे रेजकडे गेला आणि त्या व्यवहारातून जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस आले. पुढचा हिशेब मैदानाने मांडला. २०१४च्या अमेरिकन लीग विजेतेपदाच्या मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला केन, २०१५च्या मालिकेत एस्कोबार. आणि २०१५ची वर्ल्ड सीरिज रॉयल्सनी जिंकली तेव्हा शेवटचा फलंदाज बाद केला वेड डेव्हिसने. एक पिचर गेला आणि तीस वर्षांनी अजिंक्यपद आलं. रॉयल्सनी ग्रिन्कीला करार संपेपर्यंत धरून ठेवलं असतं, तर यातलं काहीही घडलं नसतं.

आता चार्ली फिन्लीबद्दल थोडं. थोडंच बोलायचं ठरवलं होतं, पण या माणसाला टाळून माझा मुद्दा पुरा होत नाही. विम्याच्या धंद्यात पैसा केलेला हा मालक; त्याने ॲथलेटिक्स संघ १९६८ साली कॅन्सस सिटीहून ओकलंडला आणला आणि १९७२, ७३, ७४ अशा सलग तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या. पण शहर ओकलंड, आणि खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा दुसरा संघ. प्रेक्षक कायम विभागलेले. डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला आणि खेळाडूला आयुष्यभर एका संघाशी बांधून ठेवणारं कलम मोडून पडलं. फिन्लीच्या ध्यानात आलं की हंगाम संपताच आपले खेळाडू फुकट जाणार. १५ जून १९७६ हा व्यवहारांचा शेवटचा दिवस. त्या दिवशी त्याने जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरला बोस्टन रेड सॉक्सना, आणि व्हायडा ब्लूला पंधरा लाखांना न्यूयॉर्क यांकीजना विकलं. बोस्टनचा संघ त्या वेळी ओकलंडमध्येच खेळायला आलेला होता. रूडी आणि फिंगर्स यांनी पलीकडच्या खोलीत जाऊन बोस्टनचा गणवेशही चढवला. तीनच दिवसांनी कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही विक्री रद्द केल्या. फिन्लीने तिघांना खेळवायचंच नाकारलं, तेव्हा सहकाऱ्यांनी संपाची तयारी केली आणि त्याला नमावं लागलं. तो कोर्टात गेला आणि तिथेही हरला.

फिन्लीचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. रोख पैसे घेऊन खेळाडू विकणं ही बेसबॉलची जुनीच रीत होती. फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅकने १९१४ साली लीग जिंकल्यावर एडी कॉलिन्सला पन्नास हजार डॉलरला शिकागोला विकलं होतं आणि संघ असा मोडला होता, की १९१६ साली तो ११७ सामने हरला. तेव्हा कुणीही मॅकला अडवलं नाही. विक्रीच्या पैशातून आपण नवे खेळाडू आणू, असं फिन्ली सांगत होता. तरीही तत्त्व कून यांच्या बाजूने आहे असं मला वाटतं, कारण रोख रक्कम मालकाच्या खिशात गेली की ती मैदानावर परत येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. बदल्यात खेळाडू आला तर तो निदान संघात दिसतो. पण कून यांनी अर्धंच काम केलं. विक्री अडवली, ओकलंडला विकावं का लागतं, या प्रश्नाला हात लावला नाही. हंगाम संपला. रूडी, फिंगर्स, साल बँडो, बर्ट कँपानेरिस, जीन टेनेस एकामागून एक निघून गेले आणि ओकलंडच्या हाती जवळपास काहीच आलं नाही. १९७७ साली हा संघ आपल्या गटात तळाला होता, त्याच वर्षी जन्मलेल्या सिॲटलच्याही खाली. १९७९ साली तो १०८ सामने हरला आणि अख्ख्या हंगामात घरच्या मैदानावर फक्त सुमारे तीन लाख प्रेक्षक आले. विक्रीवर बंदी आणि उत्पन्नाच्या वाटणीकडे डोळेझाक, अशी जोडी जमली की शहराचे दोन्हीकडून हाल होतात.

माँट्रियलमध्ये त्याच्या उलट घडलं: विकायची मोकळीक होती, लावायची इच्छा नव्हती. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा माँट्रियल एक्स्पोज ७४ विजय आणि ४० पराभव अशा कामगिरीने सर्व संघांच्या पुढे होते. त्या वर्षी वर्ल्ड सीरिज झालीच नाही. संप मिटताच, एप्रिल १९९५मध्ये, अवघ्या काही दिवसांत जॉन वेटलँड यांकीजकडे, केन हिल सेंट लुईसकडे आणि मार्क्विस ग्रिसम अटलांटाकडे गेला. लॅरी वॉकर फ्री एजंट म्हणून कोलोरॅडोला गेला. खर्च घाईघाईने कापायचा होता, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजचा शेवटचा झेल ग्रिसमने अटलांटासाठी घेतला; पुढच्या वर्षी वेटलँड यांकीजकडून सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९७चा साय यंग विजेता पेद्रो मार्टिनेझही त्याच हिवाळ्यात बोस्टनला गेला. शेतकरी पीक विकून जगतो, बियाणं विकून नाही. माँट्रियलने बियाणंही विकलं. २००५ साली संघच वॉशिंग्टनला गेला.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की प्रेक्षक ताळेबंद पाहायला तिकीट काढत नाही. ज्या मुलाने एका खेळाडूच्या नावाचा शर्ट घेतला, त्याला भविष्यातल्या तीन तरुणांची नावं सांगून काय उपयोग? हे दुःख खरं आहे. क्लीव्हलँडच्या लोकांनी ते सर्वांत कठोर रूपात पाहिलं. सीसी सबाथिया २००७चा साय यंग विजेता, क्लिफ ली २००८चा. सबाथियाला २००८च्या जुलैत सोडलं, लीला २००९च्या जुलैत. आणि त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना सुरू झाला तेव्हा यांकीजकडून सबाथिया आणि फिलाडेल्फियाकडून ली समोरासमोर उभे होते. पण एक विसरू नका, की ली मुळात क्लीव्हलँडला मिळाला तोच २००२ साली बार्तोलो कोलोनला सोडल्यामुळे. त्या एका व्यवहारात ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स आले होते. ज्याच्या जाण्याचं दुःख झालं, तो आधीच्या तशाच एका दुःखातून आलेला होता. निष्ठा ठेवायची ती शहराच्या आशेवर, आणि ती आशा पेरत राहणाऱ्या व्यवस्थापनाने खेळाडू सोडला तर त्याला माफी आहे.

दुसरा आक्षेप: मी यशस्वी उदाहरणंच निवडतो आहे, बदल्यात येणारे तरुण बहुधा फुकट जातात. फुकट जातात, खरं आहे. सबाथियाच्या बदल्यात आलेल्यांपैकी ज्याचा सर्वांत गाजावाजा झाला तो मॅट लापोर्टा टिकला नाही. त्याच व्यवहारात नंतर नाव ठरलेला मायकल ब्रँटली मात्र क्लीव्हलँडचा आधारस्तंभ झाला. म्हणूनच एका व्यवहारावरून मालकाचा न्याय करू नये, धोरणावरून करावा. टॅम्पा बेने २०१८च्या जुलैत ख्रिस आर्चर पिट्सबर्गला दिला आणि टायलर ग्लास्नो, ऑस्टिन मेडोज, शेन बाझ मिळवले. दोन वर्षांनी तो संघ वर्ल्ड सीरिजमध्ये होता. मिलवॉकीने २०२४च्या फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्सला सोडलं आणि त्याच वर्षी गट जिंकला. २०२५मध्ये ९७ विजय मिळवून ते सर्व तीस संघांत पहिले आले. मग डॉजर्सनी त्यांना लीगच्या अंतिम मालिकेत चारही सामन्यांत हरवलं. कौशल्याने दरी अरुंद होते, बुजत नाही. हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि म्हणूनच नियमांकडे वळतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. फ्री एजंट होण्याआधीच मुकी बेट्सला सोडणाऱ्या श्रीमंत बोस्टनवर बोलायचं होतं, ते एका वाक्यात: रेड सॉक्ससारखा संघही २०२०मध्ये पगाराचं कारण सांगू शकतो, याचा अर्थ मालकाच्या तोंडी ‘परवडत नाही’ हा पुरावा नसतो, दावा असतो. दावा तपासायचा तर वह्या पाहिजेत, आणि वह्या बंद असतात. २०१० साली काही संघांचे हिशेब बाहेर फुटले, तेव्हा दिसलं की पिट्सबर्ग पायरेट्सनी २००७ आणि २००८ मिळून जवळजवळ २ कोटी ९४ लाख डॉलर नफा मिळवला होता. हा संघ १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम पराभवाच्या बाजूला राहिला, आणि २००८च्याच जुलैत त्याने जेसन बे आणि झेव्हियर नेडी सोडले. श्रीमंत संघांकडून मिळालेल्या पैशाच्या गैरवापराचा आरोप व्यवस्थापनाने नाकारला. ते खरंही असेल. पण कागद फुटले म्हणून प्रश्न विचारता आला, एरवी विचारताच आला नसता. श्रीमंत संघांकडून गरीब संघांकडे जाणारा उत्पन्नाचा वाटा मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठीच वापरावा, असं खेळाडूंशी झालेल्या करारात आजही लिहिलेलं आहे. २०१८ साली खेळाडूंच्या संघटनेने ओकलंड, मायामी, पिट्सबर्ग आणि टॅम्पा बे या चार संघांविरुद्ध नेमकी हीच तक्रार नोंदवली. मी ज्याचं कौतुक केलं तो टॅम्पा बेही त्यात आहे, हे मी दडवत नाही. हुशारीने खेळाडू निवडणाऱ्यालाही हिशेब दाखवावाच लागेल.

पगारांवर कमाल मर्यादा आणा, म्हणजे प्रश्न सुटेल, असं मालक सांगतात. तो मार्ग मला मान्य नाही. १९९४चा संप त्याच मागणीवरून झाला आणि त्यात माँट्रियलचाच बळी गेला. ज्या खेळाडूने पहिली वर्षं किमान वेतनावर काढली, त्याच्या उत्तरार्धावर झाकण ठेवून मिलवॉकीचं भलं होत नाही; वाचलेला पैसा मालकांकडेच राहतो. त्याऐवजी स्थानिक प्रसारणाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा वाटला जावा. जो संघ वाटा घेईल त्याने तो ठरावीक वर्षांत खेळाडूंच्या पगारावर, तरुणांच्या प्रशिक्षणावर आणि शोधावर खर्च करावा. आणि त्याचा लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पुढच्या करारात एवढं एक कलम आलं, तरी छोट्या शहरातला प्रेक्षक आपला लाडका खेळाडू जाताना पाहील तेव्हा त्याच्या हातात नुसता संताप नसेल, हिशेब मागण्याचा हक्क असेल. बंद वह्यांच्या मालकाने दाखवलेल्या गरिबीवर विश्वास ठेवायला तो बांधील नाही, असं माझं ठाम मत आहे.