हाकोनेची ‘योसेगी’ : लाकडाच्या रंगांतून घडलेली कुटुंबकला

(हस्तकला प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

हस्तव्यवसाय टिकतो तो कशाच्या बळावर? कौशल्याच्या, बाजारपेठेच्या की शासनाच्या आश्रयाच्या? या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील एका डोंगरी गावाचे उदाहरण मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

कानागावा प्रांतातील हाकोनेच्या डोंगरात हाताजुकू नावाचे लहानसे गाव आहे. एदो, म्हणजे आजचे तोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा प्राचीन राजमार्ग या गावावरून जात असे. घाट चढून थकलेले वाटसरू येथे विसावा घेत आणि जाताना एखादी लाकडी वस्तू आठवण म्हणून नेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच गावच्या इशिकावा निहेई (१७९० ते १८५०) या कारागिराने ‘योसेगी-झाइकू’ या कलेचा पाया घातला, असे मानले जाते. योसेगी म्हणजे निरनिराळी लाकडे एकत्र जोडणे.

या कलेत रंग वापरीत नाहीत. लाकडाचा उपजत रंग हाच येथला रंग. हाकोनेच्या परिसरात वृक्षांची विविधता मोठी. कोणते लाकूड पांढरे, कोणते पिवळे, कोणते हिरवट, तर कोणते तपकिरी वा काळसर. हा रंग लाकडाच्या गाभ्यापर्यंत असल्याने ते कितीही तासले तरी नक्षी पुसली जात नाही.

आता कृती पाहू. नीट वाळविलेल्या लाकडाच्या बारीक पट्ट्या कापून त्यांना त्रिकोणी, चौकोनी वा शंकरपाळ्यासारखा आकार देतात. त्या सरसाने जोडून दोरीने घट्ट आवळतात. तयार झालेल्या दांड्याचे तुकडे पुन्हा एकमेकांस जोडले की नक्षीचा ठोकळा सिद्ध होतो. तागाचे पान, कासवाची पाठ, समुद्राच्या लाटा, बाणाचे पीस अशी या नक्षींची नावे आहेत. येथे डोळ्यांच्या अंदाजावर भागत नाही. साठ अंशांचे सहा कोन एका बिंदूत मिळवावयाचे असता प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर शेवटी तीन अंशांची फट उघडी पडते. अशा वेळी आधीचे सारे श्रम वाया जातात.

पुढचे काम रंध्याचे. आपला सुतार रंधा पुढे ढकलतो. जपानी कारागीर तो आपल्याकडे ओढतो. रुंद पात्याच्या रंध्याने ठोकळ्यावरून कागदासारखा पातळ, नक्षीदार छिलका काढतात. त्याला ‘झुकू’ म्हणतात. तो सपाट करून पेट्यांवर व तबकांवर चिकटवितात. छिलक्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर धरली, तर एक सेंटिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून हिशेबाने पन्नासपर्यंत छिलके निघतात. अतिशय कष्टाची ही नक्षी सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. याशिवाय सबंध ठोकळाच कातून वाडगे व ताटल्या घडविण्याचीही रीत आहे. हाकोनेची ‘गुप्त पेटी’ तर प्रसिद्धच आहे. तिला ना कुलूप ना किल्ली. बाजूच्या फळ्या ठरावीक क्रमाने किंचित सरकविल्या तरच झाकण उघडते.

ही विद्या मुख्यतः घरच्या कार्यशाळांतून चालत आली. मुलगा प्रथम पात्याला धार लावावयास शिकतो, मग पट्ट्या कापावयास, आणि पुष्कळ वर्षांनंतर त्याच्या हाती मोठा रंधा येतो. पण हीच या व्यवसायाची नाजूक बाजू आहे. पात्याचा आवाज ऐकून छिलक्याची जाडी ओळखणे पुस्तकातून शिकता येत नाही. घरातील तरुण शहराकडे वळला आणि बाहेरचा शिकाऊ मिळाला नाही, तर वडिलांच्या हातातील ज्ञान त्यांच्याबरोबरच संपते.

हा धोका ओळखून जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनाचा कायदा केला. वस्तू नित्य वापरातील असावी, निर्मितीचा मुख्य भाग हाताने व्हावा, तंत्र व साहित्य परंपरागत असावे आणि एका प्रदेशात पुरेसे कारागीर त्यात गुंतलेले असावेत, अशा त्याच्या अटी आहेत. या कायद्यान्वये हाकोनेच्या योसेगीस १९८४ मध्ये मान्यता मिळाली. ‘पारंपरिक कारागीर’ ही पदवी मिळविण्याच्या परीक्षेस बसण्यासाठी किमान बारा वर्षांचा अनुभव लागतो. समाजानेही या कलेस आपलेसे केले. विद्यापीठांच्या सुप्रसिद्ध हाकोने टप्पा-शर्यतीत पहिल्या दिवसाच्या विजेत्यांना १९९७ पासून योसेगीचा चषक दिला जातो.

मित्रहो, त्या कायद्यातील पहिली अट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तू नित्य वापरातील हवी! कला संग्रहालयाच्या कपाटात जपता येते, पण ती जगते घराघरांत. शासन मान्यता देईल, प्रशिक्षण देईल, बाजाराची वाट दाखवील; परंतु रंधा ओढणारा हात शासनाला निर्माण करता येत नाही. तो हात जाणत्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे बसूनच घडतो. आपण येथे जी कला शिकत आहात, तिच्यातील असा एक हात आपला असावा आणि पुढे आपण आणखी एक हात घडवावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.