दारापर्यंत आलेले दान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. आजवर वर्धापनदिनाला माझी जागा मागे, चहाच्या पातेल्यापाशी. पण यंदा ‘आरोग्य आणि दान’ हा विषय ठेवला आहे असे समजले, तेव्हा मीच अध्यक्षबाईंकडे गेले आणि म्हटले, “बाई, या विषयावर मला दहा मिनिटे द्या.” चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी भाकरी करीत होते. तव्याची कड डाव्या हाताला मनगटाच्या वर लागली, पण मला त्याचा पत्ताच नाही. मुलगी म्हणाली, “आई, हाताला केवढा फोड आलाय!” तेव्हा मी पाहिले. फोड होता, पण आग नव्हती. मला उलट बरेच वाटले. दुखत नाही ही आनंदाची गोष्ट नव्हे, हे पुढे कळले.

त्याआधी दोन वर्षे पाठीवर आणि दंडावर फिकट लालसर चट्टे होते. खाज नाही, ठणका नाही. ब्लाउजखाली झाकलेले. दुकानातून गजकर्णाचे मलम आणून लावीत होते. एकदा एका खासगी दवाखान्यातही गेले. तिथे दंड पाहून आणखी एक मलम दिले. पाठ दाखवा असे त्यांनी म्हटले नाही, आणि लाजेने मीही दाखवली नाही.

नंतर सरकारची घरोघर कुष्ठरुग्ण शोधण्याची मोहीम आली. आशाताई आणि तिच्याबरोबर एक पुरुष कार्यकर्ता. तो ओसरीवर यांना तपासत बसला आणि ताईने मला आतल्या खोलीत नेले. डोळे मिटायला सांगून ती पेनाचे टोक टेकवू लागली. “टेकवले की तिथे बोट ठेवा,” म्हणाली. चांगल्या कातडीवर मी बरोबर बोट ठेवले. पाठीवरच्या चट्ट्यावर तिने तीन-चारदा टेकवले म्हणे. मी आपली डोळे मिटून वाटच बघत होते.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले. आपल्याकडे जुन्या बाया ज्याला महारोग म्हणत, तो. मला घेरी आली. सासूबाईंच्या तोंडून लहानपणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, गावाबाहेरच्या झोपडीच्या आणि वेगळ्या ताटाच्या. यांनी एवढेच विचारले, “औषधाला किती लागतील?” डॉक्टर म्हणाले, “एक पैसाही नाही. बारा महिने न चुकता घ्यायचे, बस्स.”

तो बिल्ला, म्हणजे गोळ्यांचे पाकीट, मी घरी उलटसुलट करून पाहिला. महिन्याचा पहिला डोस केंद्रात ताईसमोर घ्यायचा आणि बाकीचा रोज घरी. त्या पहिल्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी घाबरले. पण ताईने आधीच सांगून ठेवले होते. पाकिटावरचे इंग्रजी माझ्या मुलीने वाचले. मग पुढे ती आणि मी मिळून या गोळ्यांचा माग काढला. तो तुम्हांला सांगण्यासारखा आहे.

हा रोग पापाने होत नाही, जंतूने होतो, हे नॉर्वे देशातल्या हॅन्सेन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली दाखवले. पण त्यावर चालणारे औषध यायला पुढे सत्तर वर्षे लागली. ते एकच औषध लोक वर्षानुवर्षे घेत, आणि मग जंतू त्यालाही दाद देईनासा झाला. शेवटी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र द्यायचे ठरवले. गुण खात्रीचा. पण गरीब देशांतल्या लाखो रोग्यांना ती पुरवायची कोणी?

१९९५ पासून पाच वर्षे जपानच्या निप्पॉन फाउंडेशन या संस्थेने साऱ्या जगाच्या गोळ्यांचा खर्च उचलला. त्या संस्थेचा पैसा कुठून आला म्हणाल, तर तिकडे मोटार-होड्यांच्या शर्यतींवर पैजा लागतात, त्या उत्पन्नातून. २००० सालापासून स्वित्झर्लंडमधली नोव्हार्टिस ही औषध कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत या गोळ्या फुकट देत आली. म्हणजे भगिनींनो, माझ्या पोळपाटाशेजारच्या फळीवर जे पाकीट वर्षभर होते, ते सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचे दान होते. मर्क नावाची एक अमेरिकन कंपनीही १९८७ पासून आफ्रिकेत नदीकाठच्या माश्या चावून येणाऱ्या आंधळेपणावर अशाच गोळ्या फुकट देत आली.

आता कोणी म्हणेल, कंपन्या काय संत आहेत? नाहीत. त्या नफ्यासाठीच आहेत. नाव व्हावे, हाही हेतू असेल. करार ठरावीक वर्षांचे असतात आणि संपत आले की पुन्हा करावे लागतात. म्हणून सरकारने आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दानावर सोडून स्वस्थ बसू नये, असे माझे मत आहे. पण गोळी खरी होती आणि तिने मी बरी झाले. ज्याचे खाल्ले त्याचे नाव घ्यावे, ही आपली रीत आहे.

आपल्या देशात २०१३ साली कंपन्यांचा नवा कायदा झाला. २०१४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्याला लावायचा, असे त्यात आहे. चांगली गोष्ट. मात्र कंपनी जिथे काम करते तिथल्या भागाला आधी पाहावे, असेही त्यातच म्हटले आहे. आता आपल्या परभणीकडे कारखाने किती, ते तुम्हीच मोजा. ज्या गावात चिमणी नाही, त्या गावाची आठवण चिमणीवाल्याला उशिरा होते. आणि पैसा आला तरी तो इमारतीला, यंत्राला, गाडीला लागतो. त्यांच्यावर पाटी लावता येते. बाईच्या पाठीवरचा चट्टा शोधण्याच्या कामाला पाटी कुठे लावणार?

खरी गोष्ट इथेच आहे. १९९५ पासून औषध फुकट आहे. डिसेंबर २००५ मध्ये हा रोग देशात दहा हजारांत एकाहून कमी उरल्याचे जाहीरही झाले. तरी २०२३ साली आपल्या देशात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले. साऱ्या जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त! स्वित्झर्लंडच्या कंपनीचे औषध परभणीपर्यंत आले, पण आरोग्य केंद्रापासून आमच्या घरापर्यंत यायला त्याला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे माझ्या लाजेची होती. त्यांची किंमत म्हणजे हे डाव्या हाताचे वाकलेले बोट. रोग गेला, पण बधिरपणा राहिला. अजूनही मी तवा उचलताना आधी डोळ्यांनी पाहते, मग हात लावते.

वर्ध्याला १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. तिथले डॉ. वर्देकर यांनी एक सोपी रीत घातली. रोग्याला गावाबाहेर काढायचे नाही. घरोघर जाऊन शोधायचे, समजावून सांगायचे आणि घरी राहूनच औषध द्यायचे. या कामाला मोठे यंत्र लागत नाही, माणूस लागतो. आणि बायकांच्या बाबतीत बाईच लागते.

आता जे सांगण्यासाठी मी वेळ मागितली, ते सांगते. त्या वर्षी तुम्ही मला विचारीत होता, “काळी का गं पडलीस? उन्हात फिरतेस का?” मी म्हणत होते, शेतावर जाते. ते खोटे होते. त्यांतल्या एका गोळीने रंग काळवंडतो, आणि औषध संपल्यावर हळूहळू तो परत येतो. आणि २०२३ च्या संक्रांतीला मंडळाचे तिळगूळ मी वळले होते. वळण्याआधी केंद्रात जाऊन विचारून आले होते. हा रोग अन्नातून होत नाही, आणि गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागण्याचे थांबते, असे डॉक्टरांनी सांगितले. घरच्या सगळ्यांना तपासून प्रतिबंधाचा एक-एक डोसही दिला होता. पण तुम्हांला सांगण्याचा धीर मला झाला नाही. आज सांगितले. कुणाच्या मनात किंतु आला तर रागावणार नाही. माझ्या स्वतःच्याही मनात तो होताच.

आणखी एक सांगते. पूर्वी या रोगाच्या कारणाने नवऱ्याला घटस्फोट मागता येत असे. २०१९ साली कायदा बदलून ते कारण काढून टाकले. तेव्हा घर मोडेल म्हणून कुणी चट्टा झाकून ठेवू नये.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. त्या दिवशी आतल्या खोलीत आशाताईंना बोलवावे आणि प्रत्येकीने तिला पाठ दाखवावी. माझी सगळ्यांत आधी. बधिर चट्टा दिसला तर त्या बाईला एकटीला पाठवू नये, दोघींनी तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात जावे. याला पैसा लागत नाही. मोठ्या लोकांनी दिलेले दान दारापर्यंत येते. तिथून आत घ्यायचे काम घरच्या बाईचे.

  आणि आता मागे जाऊन चहा मीच करणार आहे.