डबलसीटचा हिशोब

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'उपयोगाचं काहीतरी बोला' अशी ताकीदही दिली आहे. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यावर दहा मिनिटं बोलले तर जेवणाची घंटा व्हायच्या आत निम्मा हॉल रिकामा होईल. म्हणून आपल्या ग्रुपवर वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न घेते. "रोज एकट्यानं ऑफिसला जायला आणि सुट्टीच्या दिवशी डबलसीट फिरायला, अशी एकच गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ?"

उत्तरं धडाधड येतात. ॲक्टिव्हा घे, ॲक्सेस घे, बुलेटशिवाय मजा नाही, आता इलेक्ट्रिकच घे. नीट पाहिलं तर प्रत्येक जण आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं नाव सांगत असतो. इतक्या उत्तरांत एक साधा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही. मागे कोण बसणार आहे?

आपण ज्या पट्ट्यात वाढलो तिथे दुचाकीवर बोलायला खास कारण लागत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांच्या हाताला आकुर्डीच्या नाहीतर भोसरीच्या कारखान्यातलं ऑइल लागलेलं असायचं. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि लूनाही त्याच वर्षी आली. चेतकसाठी नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. मिळाली की पेढे वाटायचे. ती कुणाला झेपते आणि कुणाला नाही, हा विचारच नव्हता. जी मिळेल ती गाडी आणि तिच्यावर मावेल तेवढं घर. लूना ५० सीसीची, त्यामुळे चढ आला की मागच्यानं निमूटपणे उतरायचं. चेतकचं इंजिन उजव्या अंगाला, म्हणून ती चालवणाऱ्याला तिचा तोल अंगवळणी पडेपर्यंत त्रास व्हायचा. पण मागची सीट मात्र ऐसपैस आणि आवाक्यातल्या उंचीची. नऊवारीतली आजीसुद्धा त्यावर सहज बसायची. आज निवड करायला पन्नास गाड्या आहेत, आणि नेमकी मागची सीट आपण बघायची विसरतो.

आता माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते. रोज शंभर वेळा होणाऱ्या कामासाठी प्रोग्रॅम कुणीही नीट लिहितो. तो कोसळतो तो महिन्यातून एकदा येणाऱ्या प्रसंगी. म्हणून चाचणी त्या प्रसंगाची आधी करायची असते. गाडीचंही तसंच. सोमवार ते शुक्रवार तुम्ही एकटे वाकडच्या पुलावरून हिंजवडीत जाता, भूमकर चौकात अडकता, फेज दोन-तीनपर्यंत रांगत पोचता. त्या कामाला कुठलीही धडकी गाडी चालते. परीक्षा होते ती रविवारी, मागे दुसरं माणूस बसल्यावर.

काय बदलतं ते आकड्यांत बघू. साधारण ११० सीसीच्या स्कूटरचं वजन १०५ ते ११० किलो असतं. चालवणारा ६५ किलोचा धरा. एकूण झाले पावणेदोनशे किलोच्या आसपास. मागे तेवढ्याच वजनाचं माणूस बसलं की एकूण वजन एकदम एक तृतीयांशाहून जास्त वाढतं. शिवाय हे नवं वजन मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर येतं. गाडी मागे बसते आणि पुढचं चाक हलकं होतं, म्हणून हळू वळताना हँडल थोडं बावरल्यासारखं वाटतं. मागचा शॉकप आधीच निम्मा दबलेला असतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर तो तळाला लागतो आणि तो दणका मागच्याच्या मणक्यात जातो. रात्री हेडलाइट रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, कारण गाडीचं नाक वर झालेलं असतं. आणि ब्रेक नेहमीइतकाच दाबला तर गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय गाडीतच दिलेला असतो. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका उघडून बघा. मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि एक दोघांसाठी. माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत एकटीसाठी २९ आणि डबलसीटसाठी ३६ आहे. पेट्रोल पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, म्हणून आपला आकडा आपण सांगायचा. बहुतेक मोटरसायकलींचा आणि आता काही स्कूटरचाही मागचा शॉकप कमी-जास्त कडक करता येतो. घेताना विचारा, आणि तो फिरवायचा कसा तेही तिथेच शिकून घ्या.

मग गाडी निवडायची कशी? मी दोन मर्यादा आखते. वरची मर्यादा एकट्या चालवणाऱ्यानं ठरवायची आणि खालची मर्यादा दोघांनी मिळून.

आधी वरची मर्यादा. गाडी किती जड आणि किती उंच चालेल? रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून ती मागे ओढून काढायची आहे, ऑफिसात दोन गाड्यांच्या फटीत घालायची आहे, मेन स्टँडवर चढवायची आहे आणि हे सगळं एकट्यानं करायचं आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे, म्हणजे स्कूटरच्या पावणेदोनपट. डबलसीटला ती गाडी राजासारखी चालते, पण ट्रॅफिकमध्ये दोन पायांवर तोलून धरणं प्रत्येकाच्या गुडघ्यांना मानवेल असं नाही. सीटची उंचीही बघा. ॲक्टिव्हाची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास, क्लासिकची ८०५. चार सेंटिमीटर कागदावर काहीच नाहीत. पण मागे माणूस बसलेलं असताना आणि रस्ता उताराचा असताना, दोन्ही तळवे जमिनीला टेकणं आणि नुसते चवडे टेकणं यात फार अंतर आहे.

आता खालची मर्यादा. इथे चार गोष्टी.

पहिली, ताकद. ११० सीसीच्या स्कूटरचा टॉर्क साधारण ९ न्यूटन-मीटर, १२५ वाल्यांचा १० ते साडेदहा. एकट्यानं चालवताना हा फरक जाणवत नाही. दोघं बसून पूल चढताना, मागून कंपनीची बस हॉर्न मारत असताना तो जाणवतो. महिन्यातून चार वेळा डबलसीट होणार असेल तर १२५ घ्या.

दुसरी, ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस हवंच, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. पण पुढे डिस्क ब्रेक घ्यायचा की ड्रम, हे अजून अनेक मॉडेलमध्ये आपल्या हातात असतं. चार-पाच हजार वाचवायला ड्रम घेऊ नका. बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर इंजिनाचा रोध फारच थोडा मिळतो. सिंहगडाचा घाट दोघं बसून उतरलात की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापले की त्यांची पकड ढिली होते. अशा घाटात मध्ये थांबून त्यांना निवू द्यायचं.

तिसरी, प्रत्यक्ष मागची जागा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ फार कमी लोकांना माहीत असतो. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस्ट हवं आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, असं तो सांगतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते गाडीच्या रूपाला शोभत नाही म्हणून पोरं पहिल्याच दिवशी काढून टाकतात. ती जाळी ओढणीसाठी आणि पदरासाठी आहे, शोभेसाठी नाही. स्पोर्ट्स बाइकची मागची सीट तर उंच, उतरती आणि तळहाताएवढी असते. कॉलेजच्या मैत्रिणीला ती चालेल. साठी-सत्तरीच्या आईला ती चालत नाही.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसरं हेल्मेट कुठे ठेवणार? डिकीत बहुतेक एकच मावतं, कित्येक गाड्यांत तेही मावत नाही. मग येताना एकटे असलो की दुसरं हेल्मेट घरीच राहतं, आणि संध्याकाळी "जवळच तर जायचंय" म्हणून मागचं माणूस उघड्या डोक्यानं बसतं. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या अहवालात २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक गेल्याची नोंद आहे. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. त्यांनी गाडी चालवली नव्हती, वेग ठरवला नव्हता, ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. कायद्यानं हेल्मेट दोघांनाही लागतं. चार वर्षांखालच्या मुलांसाठीही २०२३ पासून छोटं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आवश्यक आहे, आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. तेव्हा शोरूममध्ये दोन्ही हेल्मेट घेऊन जा. एक डिकीत घालून बघा, दुसऱ्यासाठी हूक किंवा मागे पेटी बसते का ते विचारा. सेल्समन हसेल. हसू द्या.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एक वाक्य जास्तीचं. आपल्या आकुर्डीत २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतक बनते आहे, त्यामुळे मला तिचं कौतुक आहेच. उतारावर मोटर स्वतःच रोध देते, तेही दोघांना उपयोगाचं. पण जाहिरातीतला किलोमीटरचा आकडा डबलसीटला आणि चढावर मिळणार नाही. जाऊन-येऊन जेवढं अंतर आहे त्याच्यावर भरपूर शिल्लक राहील अशी बॅटरी घ्या.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. आपला जो वर्गमित्र कॅनडात आहे, तो तिथे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घेताना याच पेचात होता. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, अशी ती गाडी. क्युबेकमधल्या बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली तेव्हापासून घराघरात पोचलेली. दोघांसाठीच्या मॉडेलचा पट्टा लांब असतो, म्हणजे वजन बर्फावर पसरतं. मागे पाठ टेकायला जागा असते आणि धरायच्या मुठी गरम होतात, कारण मागच्याच्या हातांना काही काम नसतं आणि ते आधी गारठतात. पण लांब पट्ट्याची गाडी एकट्यानं वळवायला जड. म्हणून त्यानं मागची सीट काढता-घालता येणारी गाडी घेतली. मला त्यातली गरम मूठ फार आवडली. गाडी बनवणाऱ्यानं मागच्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार केला होता.

आपल्याकडे तो विचार आपल्यालाच करावा लागतो, आणि आपल्या वयाला तो आता टाळता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या मागे नवरा, बायको, नाहीतर दप्तर घेतलेलं मूल असायचं. आता मुलं स्वतःच्या गाड्या चालवायला लागली आहेत. मागच्या सीटवर आई-बाबा आले आहेत. आपल्यातल्या एकीनं मध्यंतरी सांगितलं, तिच्या आईनं शुक्रवारचं भजन सोडलं. गुडघे दुखतात असं म्हणाली. खरं कारण बऱ्याच दिवसांनी कळलं. घरात नवी गाडी आली होती, तिची सीट उंच, आणि चढताना दोघांनी धरावं लागतं याची त्यांना लाज वाटत होती. माणसं तक्रार करत नाहीत. "आज नको" म्हणतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा "नको" म्हणतात, आणि हळूहळू त्यांचं जग चार भिंतींएवढं होतं. आपण म्हणतो, वय झालं. मला वाटतं, निम्म्या वेळा वय झालेलं नसतं, सीट चार इंच उंच असते.

म्हणून ट्रायल एकट्यानं घेऊ नका. शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतो, त्यात काही कळत नाही. जे माणूस मागे बसणार आहे, त्यालाच घेऊन जा, तेही रोजच्या कपड्यांत. इंजिन बंद ठेवा, तुमचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि त्यांना कुणाच्याही आधाराशिवाय चढू द्या. मग दोन स्पीडब्रेकर, एक यू-टर्न, एक जोराचा ब्रेक. खाली उतरल्यावर "कशी वाटली?" असं विचारू नका. "छान आहे" एवढंच उत्तर मिळेल. विचारा, "हात कुठे धरला होतास? पाय टेकत होते का? कुठे भीती वाटली?" शेवटी त्यांना बाजूला बसवा आणि तीच गाडी उतारावरून एकट्यानं मागे ओढून बघा. या दोन्ही परीक्षांत पास होणारी गाडी घ्या. नाव कुठलं का असेना.

सर आणि बाई, तुमच्यापैकी दोघं-तिघं आज आपल्या विद्यार्थ्यांच्या मागे बसून इथे आला आहात, हे मी गेटवर पाहिलं. जाताना ज्याच्या मागे बसाल त्याला तुमच्यासाठी हेल्मेट मागा. नसेल तर शाळेत असताना रागवायचात तसं रागवा. तो हक्क अजून तुमचाच आहे.