बेरियमची तपासणी आणि एक इंग्रजी कागद

(अकोला येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



चारचौघांत ज्याचा उच्चार करण्यास आपण संकोचतो, अशा विषयावर मी आज बोलणार आहे. सन २०१३ मध्ये माझ्या मोठ्या आतड्याची ‘बेरियम एनिमा’ नावाची क्ष-किरण तपासणी झाली. त्यापूर्वी चार महिने पोटात उजवीकडे खाली कळ येई, वजन उतरत होते, संध्याकाळी अंगात कणकण असे. घरी मी ‘अपचन’ एवढेच सांगत असे. डॉक्टरांनी तपासणीचे स्वरूप सांगितल्यावर तर मी आणखी तीन आठवडे टाळाटाळ केली. भीती वेदनेची नव्हती, लाजेची होती.

सन १८९५ मध्ये जर्मनीत रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. आतडे मात्र मऊ. किरण त्यातून आरपार जातात आणि चित्रावर त्याची आकृती नीट उमटत नाही. बेरियम हे जड मूलद्रव्य किरणांना अडविते. त्याचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी आहेत. परंतु बेरियम सल्फेट विरघळत नाही, म्हणून ते रक्तात न उतरता आले तसे बाहेर पडते. आतड्यात हे पांढरे द्रव भरले की त्याचा आतील आकार, कोठे अरुंद झाले आहे, कोठे व्रण आहे, हे दिसते. अर्थात आतडे स्वच्छ असेल तरच. मळाचा खडा राहिला तर तो गाठीसारखा भासतो.

म्हणून खरी परीक्षा आदल्या दिवशीच सुरू होते. भाकर नाही, भाजी नाही, डाळ नाही. भाताची निवळ, नारळाचे पाणी, बिनदुधाचा चहा. सायंकाळी रेचकाची पावडर भांडेभर पाण्यात कालवून घोटाघोटाने संपवायची. चव खारट. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसे. खाऱ्या पाण्याचे आम्हांला कौतुक ते काय, असे मी पहिल्या पेल्याला म्हणालो. चौथ्या पेल्याला म्हणालो नाही. ती रात्र मी अमरावतीच्या घरी काढली. शौचालय चार पावलांवर होते. ज्याच्या घरी ते नाही किंवा पहाटेची एसटी ज्याला गाठायची आहे, त्याने काय करावे?

सकाळी टेबलावर डाव्या कुशीवर निजविले, गुदद्वारातून नळी घातली आणि उंच टांगलेल्या पिशवीतून द्रव सोडले. मग हवा भरली. पोट नगाऱ्यासारखे झाले, कळा येऊ लागल्या, आणि आता आवरणार नाही असे वाटत असताना ‘उजवीकडे वळा, पालथे व्हा, श्वास रोखा’ अशा सूचना येत होत्या. तंत्रज्ञ तरुण होता. प्रत्येक वेळी आता काय होणार हे तो आधी सांगत असे आणि अंगावरची चादर सरकू देत नसे. अर्धा-पाऊण तास मी त्या सांगण्याच्या आधारावर काढला. नंतर दोन दिवस शौच पांढरे होते. बेरियम आतड्यात घट्ट होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यावे लागते.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर दर्यापूर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांची तपासणी रद्द झाली होती. ‘भाकर खाल्ल्याबिगर एवढ्या दूर कसं यावं बाप्पा?’ ते मला म्हणाले. त्यांच्या खिशात सूचनांचा कागद होता, इंग्रजीत. कोणी तो वाचून दाखविला नव्हता. दोन दिवसांची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे वाया गेले. तो कागद मलाही आठवडाभर आधी मिळाला होता. माहिती पोहोचविणे हीच माझी नोकरी; पण तो इंग्रजीत का, हा प्रश्न तोवर मला पडला नव्हता. मी कागदाच्या पाठीवर सर्व सूचना मराठीत लिहून दिल्या. पुढच्या तारखेला ते आले की नाही, मला कळले नाही.

माझ्या चित्रात लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथे अरुंदपणा दिसला. पुढे दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावर आतड्याचा क्षय असल्याचे निश्चित झाले. शासकीय क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळालेल्या औषधांनी सहा महिन्यांत मी बरा झालो. चार महिने लपविलेल्या दुखण्याचे हे नाव होते.

आता बेरियम एनिमाची जागा बहुतांशी दुर्बिणीच्या आणि सी.टी. स्कॅनच्या तपासणीने घेतली आहे. परंतु आदल्या रात्रीचे रेचक आणि पथ्य सुटलेले नाही. कागदही पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतच असतो. म्हणून मी मराठी सूचनांच्या प्रती आणल्या आहेत. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी प्रत्येकाने एक न्यावी. पहिली ओळ अशी आहे: ‘रेचक कधी घ्यावे, काय खावे आणि नेहमीची औषधे चालू ठेवावीत की नाही, हे तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारून येथे लिहून घ्यावे.’ खाली जागा कोरी ठेवली आहे.